पित्त, पथरी आणि बटवा

‘पित्त झाले आहे’ हे वाक्य आपल्या जुन्या मराठी घरांत जितक्या सहजपणे उच्चारले जाते, तितक्या सहजपणे दुसरे कोणतेही दुखणे सांगितले जात नसेल. छातीत जळजळ झाली तर पित्त, अर्धे डोके ठणकून उलटी झाली तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तर पित्त. आणि घरातील वडीलधारी व्यक्ती कारणावाचून तापली तर तिचेही पित्त खवळलेले. आम्लपित्त, अर्धशिशी, शीतपित्त आणि संताप या चार निरनिराळ्या गोष्टी एका शब्दाच्या छपराखाली नांदतात. याच छपराखाली पाचवा एक बिऱ्हाडकरू कधी येऊन राहिला, हे मात्र आपल्या ध्यानी आले नाही. तो म्हणजे पित्ताशयातील खडा. आपल्या घरगुती बोलीत त्याला स्वतःचे नाव नव्हते. म्हणून त्याला शेजाऱ्यांच्या नावाने हाक मारली गेली आणि शेजाऱ्यांचेच औषध दिले गेले. या नावाच्या घोटाळ्याचा इतिहास आणि त्यात घरगुती उपायांची झालेली गत, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमचे धामनोद आग्रा-मुंबई मार्गावरचे. उत्तरेस विंध्याचा घाट, दक्षिणेस खलघाटचा नर्मदेवरील पूल आणि पूर्वेस महेश्वरकडे जाणारी वाट. अठराव्या शतकात पवार धार व देवास येथे स्थिरावले, अहिल्याबाईंनी महेश्वरास राजधानी केली, आणि त्यांच्या आश्रयाने दक्षिणेतून कारकून, पुरोहित, शिलेदार अशी अनेक कुळे इकडे आली. देव्हारा, कुळाचार आणि बोली यांबरोबर त्यांनी आजीबाईचा बटवाही आणला. सुंठ, हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड अशी त्यातली सामग्री. येथे आल्यावर ताट मात्र बदलले. भाकरीच्या जोडीला तुपात बुडवलेला बाफला आला, न्याहारीच्या पोह्यांवर शेव पडली आणि बशीच्या कडेला जिलेबी. बोलीतही भर पडली. ‘पथरी’ हा शब्द आपण इथल्या हिंदीतून उचलला. मराठीतील ‘मुतखडा’ आपला पत्ता स्वतःच सांगतो. ‘पथरी’ तो सांगत नाही. मूत्रपिंडातला खडाही पथरी आणि पित्ताच्या थैलीतला खडाही पथरी. एकीकडे पाच दुखण्यांना पुरणारे ‘पित्त’ आणि दुसरीकडे दोन खड्यांना पुरणारी ‘पथरी’, अशा दुहेरी संदिग्धतेत हे दुखणे सापडले.

आपल्या प्राचीन ग्रंथांत काय आहे, हे आधी पाहिले पाहिजे. ‘पित्ताशय’ हा शब्द नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील आशयांची जी गणना आहे, तीत आमाशय, पक्वाशय, मूत्राशय यांच्यासह पित्ताशयाचाही उल्लेख येतो. परंतु तेथे त्याचा अर्थ ‘पित्त या दोषाचे स्थान’ इतकाच घेता येतो. यकृताखाली चिकटलेली, पेरूच्या नव्हे तर नासपतीच्या आकाराची, सात ते दहा सेंटिमीटर लांबीची पिशवी हा अर्थ त्या शब्दाला पुढे आधुनिक शारीरशास्त्राने चिकटवला. यकृत दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. त्यातला काही भाग या पिशवीत साठून घट्ट होतो आणि स्निग्ध अन्न पोटात गेले की पिशवी आकुंचन पावून तो आतड्यात सोडते. जुन्या शब्दाला नवा अर्थ मिळाला खरा, परंतु जुना अर्थ काही गेला नाही. त्यामुळे डॉक्टर ‘पित्ताशय’ म्हणतो आणि रुग्ण ‘पित्त’ ऐकतो.

खड्यांविषयीही हेच. सुश्रुताने ‘अश्मरी’चे चार प्रकार सांगितले आहेत व तिच्या शस्त्रक्रियेचे जे वर्णन केले आहे ते आजही थक्क करणारे आहे. पण ती सर्व अश्मरी मूत्रमार्गातली. या प्रकरणातली आणखी एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. आधी घृते, काढे, क्षार वापरावेत. त्यांनी काम झाले नाही तर शस्त्र घ्यावे. आणि शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास यश संशयित, म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच वैद्याने पुढे जावे, असे सुश्रुत बजावतो. ‘आपल्या परंपरेला शस्त्राचे वावडे आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हा भाग अवश्य वाचावा.

पित्ताच्या वाटेत अडथळा आला तर काय होते, हे चरकाच्या नजरेतून सुटलेले नव्हते. चिकित्सास्थानातील पांडुरोगाच्या अध्यायात काविळीचा एक प्रकार वेगळा काढला आहे. त्यात मळाचा रंग जाऊन तो वाटलेल्या तिळांसारखा पांढुरका होतो, आणि कफाने पित्ताचा मार्ग रोखला गेल्याने असे घडते, अशी त्याची उपपत्ती आहे. पित्तनलिकेत खडा अडकला की नेमके हेच लक्षण दिसते. चरकाला खडा दिसला नव्हता. पण वाट अडली आहे, हे त्याने ओळखले होते.

खडा मात्र आपल्या घरात होताच, आणि तोही औषध म्हणून! गोरोचन ज्यांनी बटव्यातून उगाळून दिले वा घेतले, त्या आजी-नातवंडांपैकी किती जणांना ते काय आहे हे ठाऊक होते? गोरोचन म्हणजे गाईबैलांच्या पित्ताशयात सापडणारा खडा. पूजेतील गंधात त्याचे स्थान, यंत्र लिहिण्यात त्याचा उपयोग आणि तान्ह्या मुलांच्या गुटीतही त्याला मान. जनावराच्या पोटातील हा खडा शतकानुशतके आपल्या परिचयाचा होता. तसाच खडा माणसाच्याही पोटात होतो, हे घरगुती वैद्यकात मात्र कोठेच नोंदले गेले नाही. पाहण्याची सोय नव्हती, हे त्याचे साधे कारण.

पोट वा डोके उघडून आतील अनिष्ट वस्तू काढून टाकावी ही कल्पना आपल्या धार नगरीला नवी नाही. सोळाव्या शतकात बल्लाळाने रचलेल्या ‘भोजप्रबंधा’त अशी कथा आहे की, राजा भोजाचे डोके असह्य दुखू लागले आणि कोणाच्याही औषधाने गुण येईना. तेव्हा वैद्यवेषात आलेल्या अश्विनीकुमारांनी मोहचूर्णाने त्याला बेशुद्ध करून कवटी उघडली, आतील लहानसे मासे बाहेर काढले, कवटी सांधली आणि संजीवनीने त्याला शुद्धीवर आणले. भोजाचा काळ अकराव्या शतकाचा. कथा त्यानंतर पाच शतकांनी लिहिलेली. तिला इतिहास म्हणता येणार नाही. परंतु भूल, शस्त्र, संधान आणि पुन्हा शुद्ध हा क्रम धारच्या राजाच्या नावावर रचावासा वाटला, यावरून लोकमानसात शस्त्रवैद्याची प्रतिमा किती उंच होती हे कळते.

मनुष्याच्या पित्ताशयावरील आधुनिक शस्त्रक्रियेचा इतिहास बर्लिनमध्ये सुरू होतो. तेथील लाझारस रुग्णालयात १५ जुलै १८८२ रोजी कार्ल लांगेनबुख यांनी प्रथमच रुग्णाचे पित्ताशय समूळ काढले. रुग्ण त्रेचाळीस वर्षांचा होता, सोळा वर्षे कळा सोसत होता आणि वेदनेपायी मॉर्फिनच्या आहारी गेला होता. तत्पूर्वी १८६७ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे जॉन बॉब्ज यांनी पित्ताशय उघडून खडे काढले होते आणि पिशवी तशीच शिवून टाकली होती. लांगेनबुख यांचे म्हणणे असे की, पिशवीत खडे आहेत म्हणून ती काढायची नाही, ती खडे घडवते म्हणून काढायची. हा भेद महत्त्वाचा आहे. खडा विरघळवण्याच्या वा पाडण्याच्या सर्व उपायांची मर्यादा या एका विचारात सामावली आहे. खडा गेला तरी त्याचा कारखाना चालूच राहतो.

आता घरगुती उपायांकडे वळू. हे उपाय इतकी वर्षे टिकले याचा अर्थ लोक भोळे होते असा नाही. ते टिकण्याला या दुखण्याचा स्वभावच कारण आहे. भरपेट, तुपकट जेवणानंतर, बहुधा रात्री, उजव्या बरगडीखाली किंवा काळजाखाली कळ उठते, पाठीत वा उजव्या खांद्याकडे जाते, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत राहते आणि आपोआप विरते. पिशवीच्या तोंडाशी अडकलेला खडा मागे सरकला, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या काही तासांत ओवा चावून झालेला असतो, सुंठेचा काढा झालेला असतो, सोडा-लिंबू झालेले असते. जे शेवटी घेतले त्याला श्रेय मिळते. शिवाय पुष्कळांच्या पोटातले खडे जन्मभर मुके राहतात. अशा मनुष्याने रोज पानफुटीचे पान खाल्ले आणि वीस वर्षे त्याला काही झाले नाही, तर पानफुटीची कीर्ती पंचक्रोशीत होणारच. ‘पाषाणभेद’ या वनस्पतीचे तर नावच अर्धे काम करून जाते.

कुळथाच्या काढ्याचे उदाहरण घ्या. मुतखड्यावर कुळीथ देण्याची रूढी जुनी आहे. भरपूर द्रव पोटात जातो, मूत्राचा ओघ वाढतो, बारीक खडा वाहून जाण्यास वाट असते. पित्ताशयातल्या खड्याचे तसे नाही. तो बहुधा कोलेस्टेरॉलचा किंवा पित्तातील रंगद्रव्याचा असतो. उत्तर भारतात पहिल्याचे आणि दक्षिणेत दुसऱ्याचे प्रमाण अधिक. प्यालेला काढा पिशवीतून वाहत नाही. तेथे फक्त यकृताचा रस येतो. आणि खडा खरोखरच जागचा हलला, तर ती आनंदाची वार्ता नसते, कारण अरुंद पित्तनलिकेत तो अडकला की कावीळ होते, स्वादुपिंड सुजते आणि प्रसंगी जिवावर बेतते. ‘पथरी पाडणे’ ही मुतखड्याच्या बाबतीतील आशा पित्ताशयाच्या बाबतीत धोका ठरते. एका शब्दाने केवढा अनर्थ करावा!

हळदीचेही असेच. हळदीतील कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावते, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. निरोगी पिशवीला ते मानवेल. पण खड्यांनी भरलेली पिशवी मुद्दाम आवळण्यात शहाणपण नाही. भाजीतली चिमूटभर हळद निराळी आणि औषध म्हणून घेतलेला तिचा अर्क निराळा. उपवासाविषयी तर आपल्या मंडळींनी विशेष विचार करावा. दीर्घकाळ पोट रिकामे ठेवले की पिशवी रिती होत नाही, पित्त साचून घट्ट होते आणि खडे धरण्यास अनुकूल स्थिती येते. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांतही हे आढळते. एका दिवसाच्या एकादशीने काही बिघडत नाही. उलट बिघडतो तो तिचा फराळ. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने रचली, त्याने शेंगदाण्याचे कूट घातलेल्या तुपाळ साबुदाण्यानंतर उठणारी कळ प्रत्यक्ष पाहिली असावी, असे म्हणावेसे वाटते.

अलीकडे तेल, लिंबाचा रस आणि रेचक मीठ एकत्र घेऊन ‘खडे पाडण्याचा’ प्रकारही आपल्याकडे आला आहे. दुसऱ्या दिवशी हिरवट गोळ्या पडतात आणि रुग्ण त्या बाटलीत भरून डॉक्टरांना दाखवतो. २००५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी अशा गोळ्यांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यांत कोलेस्टेरॉल, पित्तरंजक वा कॅल्शियम काहीच नव्हते, आणि ४० अंश सेल्सिअस उष्णतेत त्या वितळून गेल्या. पोटात गेलेल्या तेलाचा आतड्यात झालेला तो साबण होता.

म्हणजे निसर्गाने या दुखण्यावर काहीच दिले नाही काय? दिले आहे. चिनी वैद्यकात अस्वलाचे पित्त फार पूर्वीपासून यकृताच्या विकारांवर वापरत. १९२७ साली जपानी संशोधकांनी त्यातील मुख्य आम्ल वेगळे काढले आणि १९७०च्या दशकात त्याने कोलेस्टेरॉलचे खडे विरघळतात असे दाखवून दिले. आता ते कारखान्यात तयार होते. त्यासाठी अस्वलाला पिंजऱ्यात डांबण्याची गरज नाही. पण त्याची मर्यादाही तपासातूनच ठरली. खडे लहान व कोलेस्टेरॉलचे हवेत, पिशवी काम करणारी हवी, गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्यात आणि थांबल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. नैसर्गिक उपायाची परीक्षा करून त्याची जागा नेमकी कशी ठरवावी, याचा हा वस्तुपाठ आहे.

निसर्गोपचार आणि शस्त्र यांचा झगडा महाराष्ट्राने एका थोर पुरुषाच्या देहावर पाहिला आहे. येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींना आंत्रपुच्छाचा विकार जडला आणि १२ जानेवारी १९२४च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले. आयुष्यभर माती, पाणी, उपवास व मिताहार यांचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनी आपली संमती हे मनाचे दौर्बल्य होते असे पुढे म्हटले. पण संमती दिली आणि ते चोवीस वर्षे जगले. १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचन येथे त्यांनीच निसर्गोपचार केंद्र सुरू केले. आहार, विश्रांती, स्वच्छता ही त्यांची शिकवण त्यामुळे खोटी ठरत नाही. फुटू पाहणाऱ्या आंत्रपुच्छावर मातीची पट्टी हे उत्तर नाही, एवढेच ठरते.

आपल्या जवळचे उदाहरण देवासचे. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व माळव्याच्या कोरड्या हवेसाठी ३० जानेवारी १९४८ रोजी देवासला आले. पाच-सहा वर्षे गाणे बंद होते. माळव्याच्या हवेने व विश्रांतीने त्यांना तग धरण्याचे बळ दिले, येथील लोकगीतांनी त्यांच्या कानाला नवा खजिना दिला. पण क्षय हटवला तो १९५२च्या सुमारास मिळालेल्या स्ट्रेप्टोमायसिनने. हवेने औषधाचे काम केले नाही आणि औषधाला हवेचे काम करता आले नसते. आधार कोणता आणि इलाज कोणता, हे ओळखता आले म्हणजे दोहोंचा मान राहतो.

हा भेद न कळल्याची किंमत बहुधा घरातील स्त्रिया मोजतात. पित्ताशयाचे खडे पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक होतात. चाळिशी, बाळंतपणे व स्थूलता यांनी संभव वाढतो. आमच्या एक आत्याबाई सणावाराच्या रात्री पोट दाबून स्वयंपाकघरात बसत. विचारले की म्हणत, ‘‘काही नाही रे, पित्त आहे.’’ सर्वांची जेवणे उरकून, उरलेसुरले तुपकट अन्न संपवून त्या शेवटी जेवत, हे त्या दुखण्याशी जोडावे असे कोणाच्या मनात आले नाही. अखेरीस त्या पिवळ्या पडल्या. काविळीची माळ गळ्यात पडली, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन झाले. जी कावीळ विषाणूमुळे होते ती बहुतेकदा आपोआप ओसरते आणि माळेला यश देऊन जाते. वाट अडल्याने होणारी कावीळ ओसरत नाही. आत्याबाई गेल्या तेव्हा त्यांच्या दुखण्याचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

तो काळ आता राहिलेला नाही. इंदूरला १८७८ साली वैद्यकीय शाळा निघाली, १९४८ साली वैद्यकीय महाविद्यालय झाले. त्यानंतर ध्वनिलहरींच्या तपासणीने, म्हणजेच सोनोग्राफीने, पोट न उघडता खडा पाहण्याची सोय झाली. जर्मनीत एरिश म्युहे यांनी १९८५ साली दुर्बिणीतून पित्ताशय काढले, आणि १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी ती शस्त्रक्रिया भारतात आणली. लांगेनबुख यांचा रुग्ण काही आठवडे रुग्णालयात होता. आज बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतात.

याचा अर्थ प्रत्येक खड्यावर शस्त्र चालवावे असा नव्हे. आमच्याही पित्ताशयात खडे आहेत. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत ते दिसले. कळ नाही, ताप नाही, तेव्हा लक्ष ठेवावे, असा सल्ला मिळाला. मुक्या खड्यांबाबत सामान्यतः हाच सल्ला दिला जातो. आम्ही बाफला खातो, पण तो तुपात बुडवत नाही. वेळेवर जेवतो, चालतो. सकाळी मोरावळाही घेतो. मात्र तो जिभेसाठी व पोटासाठी, खड्यासाठी नव्हे. परंतु कळ वारंवार येऊ लागली तर गोष्ट निराळी. सुजलेली पिशवी पिकू शकते. पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, जगातील मोठ्या प्रमाणांपैकी आहे, आणि या रोग्यांपैकी पुष्कळांच्या पित्ताशयात खडे आढळतात. खडे असलेल्या फारच थोड्यांना तो होतो हे खरे, तरी वर्षानुवर्षे दुखणाऱ्या पिशवीची उपेक्षा करण्यास हे सबळ कारण नाही.

बटवा फेकून द्यावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तो जपावा, त्यातील प्रत्येक पुडीचे काम नातवंडांना सांगावे. अजीर्णाला सुंठ, जळजळीला आवळा, या गोष्टी पिढ्यांच्या अनुभवातून आल्या आहेत. पण घरात कोणी, विशेषतः कोणी बाई, ‘पित्त आहे’ म्हणाली, तर पुडी सोडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: कोठे दुखते? जेवणानंतर किती वेळाने दुखते? किती वेळ राहते? उत्तर उजव्या बरगडीकडे बोट दाखवीत असेल, तर एकदा सोनोग्राफी करवून घ्यावी. कळ कित्येक तास थांबत नसेल, थंडी वाजून ताप आला असेल, डोळे पिवळे झाले असतील किंवा चरकाने सांगितल्याप्रमाणे मळाचा रंग वाटलेल्या तिळांसारखा झाला असेल, तर काढा ठेवण्याऐवजी गाडी काढावी आणि घाट चढून इंदूर गाठावे.